उजवं चाक साडेतीन सूत

जुन्या जीपचा मागचा एक्सल ‘गेला’ असं म्हणणं सोपं, कारण तो गेलाय की नाही हे बहुधा कुणी पाहिलेलंच नसतं. गाडी सोडताना खालून ‘खट्’ असा आवाज आला की शेजारी बसलेला म्हणतो, क्राऊन-पिनियन संपलं. खर्चाचा आकडा ऐकून गाडी गोठ्याच्या कडेला उभी राहते, टायर बसतात, आणि मग कुणीतरी भंगाराच्या भावानं विचारायला येतो.

पुढच्या संवादातले मामा आणि भाची कल्पित आहेत. गाडी मात्र आपल्या ओळखीची: महिंद्राची सीजे-3बी, म्हणजे ‘हाय बोनेट’ जीप. विलिसच्या या मॉडेलच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर डोक्यात नेले, इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत ते 1953 ते 1968 एवढंच निघालं. आपल्याकडे तोच साचा पुढेही बराच काळ चालला. ही जीप 1969 सालची. तेव्हा जायकवाडीची पायाभरणी होऊन चार वर्षं झाली होती, धरणाच्या उद्घाटनाला 1976 उजाडायचं होतं, आणि जालना जिल्हाच अस्तित्वात नव्हता. तो 1 मे 1981 ला झाला. म्हणून गाडीचे जुने कागद औरंगाबादचे. अंबड तालुक्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात ती एक्सलपर्यंत रुतलेली असणार, आणि ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे.

मामांचं गॅरेज वडीगोद्रीला, धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला. भाची मेकॅनिकल इंजिनिअर. वाळूजच्या एका कारखान्यात तिचा दिवस डायल गेज आणि मायक्रोमीटर यांच्यात जातो. जीप तिच्या आजोबांची. मामा त्यांना आबा म्हणतात.

भाची: मामा, माझं ठरलंय. मागचा एक्सल पूर्ण खोलायचा. क्राऊन-पिनियनची नवी जोडी, सगळी बेअरिंगं, सगळे सील. खर्च होईल तो एकदाच होऊ दे. अर्धवट काम केलं की पुन्हा खोलावं लागतं.

मामा: दात पाह्यले का तू?

भाची: आवाज ऐकला ना. क्लच सोडला की खट्. रिव्हर्स टाकला की पुन्हा खट्.

मामा: खट् झालं म्हंजे कुठंतरी ढिलं हाय, बास. कुठं ते त्यानं सांगितलं न्हाई. मागं येणाऱ्या शाफ्टचे दोन क्रॉस, त्याची सरकती खाच, पिनियनचं बेअरिंग, क्राऊन, आतले स्पायडर, एक्सल शाफ्टच्या खाचा, हब, चाकाचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट. यातलं काहीबी ढिलं झालं तरी खट्च वाजतं. तू त्यातली सगळ्यात महाग जागा पह्यल्या दमात धरली.

भाची: मग दात गेल्याचं कसं कळतं?

मामा: दात गेले तर गाडी वाजत न्हाई, गाती. ॲक्सिलरेटर दाबला की हूं सुरू व्हतं, पाय काढला की सूर बदलतो. सारखी घरघर आली, दाबला काय अन् सोडला काय, तर बेअरिंग धर. निस्त्या वळणावर कुरकुर आली तर स्पायडर. आपली गाते का?

भाची: नाही. पण कान म्हणजे काही गेज नाही.

मामा: मंग तुझं गेज लाव. पण आधी गाडी उचल.

इथं एक गोष्ट सांगून पुढं जातो, कारण तिच्यात बोटं आणि बरगड्या जातात. या जुन्या जिपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर असतो आणि मागं जाणारा शाफ्ट धरतो. दोन्ही चाकं जमिनीवर आहेत तोवर ठीक. एक मागचं चाक जॅकवर उचललं की डिफरन्शल आपलं काम करतं: शाफ्ट धरलेला असला तरी उचललेलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं फिरतं, आणि हँडब्रेक ओढलेली गाडी जॅकवरून चालू लागते. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी तेच होतं. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, फोर-व्हीलचा दांडा लावलेला, आणि मग दोन्ही मागची चाकं एकदम घोडीवर. मामा हे बोलून दाखवत नाहीत, करतात. भाचीनं ते पुस्तकात वाचलेलं असतं, पण जॅक तिनं एकाच चाकाखाली लावलेला असतो.

मामा: आता हँडब्रेक ओढ. तू डावं चाक धर, मी उजवं. दोघांनी एकदम पुढं, एकदम मागं. एकानं पुढं अन् एकानं मागं केलं तर निस्ते स्पायडर फिरतील.

भाची: म्हणजे शाफ्ट धरलेला, आणि चाकं एकाच दिशेनं. मग जेवढं चाक हललं तेवढी त्या बाजूची एकूण ढिलाई. मड-गार्डवर खडूची खूण करते, टायरवर पण. डावं… दीड सूत. उजवं… मामा, तुमचं साडेतीन आहे.

मामा: आता सांग. क्राऊन किती हायेत आत?

भाची: एक.

मामा: पिनियन?

भाची: एक. म्हणजे क्राऊन-पिनियन खराब असतं तर दोन्ही चाकं सारखीच हलली असती. वरचे दोन सूत फक्त उजव्या बाजूचे आहेत.

मामा: हे गेज मी सोळा वर्सांचा असताना शिकलो.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारापासून वेल्डरपर्यंत सगळे त्याच मापात बोलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ते लेथवाल्याचं माप. संवाद इथून पुढं या दोन मापांमध्ये ये-जा करतो, आणि मला वाटतं एक्सलची झीज समजण्याची किल्ली तिथंच आहे. भाची टायरवरचे सूत घेऊन कागदावर बसते.

भाची: टायरची त्रिज्या चौदा इंच धरू. क्राऊनचा व्यास साडेआठ, म्हणजे त्रिज्या सव्वाचार. क्राऊनला सहा थाऊ ढिलाई असली तर टायरला साधारण वीस थाऊ दिसेल, म्हणजे सुताचा सहावा हिस्सासुद्धा नाही. उलट डावं चाक दीड सूत हललं ते सगळं क्राऊनमुळे असेल, तर तिथं पंचावन्न-साठ थाऊ पाहिजेत. तेवढी झीज झाली असती तर गाडी आत्ता गात असती.

मामा: मंग ते दीड सूत कशाचे?

भाची: लहान त्रिज्येवरच्या भागांचे. शाफ्टच्या खाचा, स्पायडरचे दात. मध्याच्या जितकं जवळ, तितकी तीच ढिलाई टायरला मोठी दिसते. आणि उजवीकडचे वरचे दोन सूत जर हब शाफ्टवर हलत असल्यामुळे असतील, तर शाफ्टची त्रिज्या पाचअष्टमांश इंच धरून… फक्त अकरा थाऊ. तीन कागदांची जाडी.

मामा: तीन कागदांसाठी तू क्राऊन बदलत व्हतीस.

हबची टोपी काढल्यावर शाफ्टचं टोक, नट आणि हब यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ ओढली, चाक हलवलं, आणि रेघ तुटली. हब पुढं सरकतो, शाफ्ट जागीच राहतो, मग टक्कन मागं लागतो. चावीच्या खाचेशी तांबूस भुकटी. ती भुकटी म्हणजे दोन लोखंडं एकमेकांवर घासून निघालेला गंज. मामांना ती बोटावर घेतली तरी पुरते.

सीजे-3बीच्या मागच्या शाफ्टला बाहेरचं टोक निमुळतं असतं. त्यावर हब बसतो, मध्ये एक चावी, वर मोठा नट. जोर मुळात चावीनं न्यायचा नसतो. निमुळता भाग हबमध्ये गच्च चिकटला की ती पकडच जोर नेते, चावी नुसती सोबतीला. नट ढिला झाला की पकड सुटते, सगळा भार चावीवर येतो, चावी खाच मोठी करते. पुढं चावी तुटते, किंवा शाफ्ट खाचेच्या कोपऱ्यातून चिरत जातो, आणि असा शाफ्ट तुटला तर चाक हबसकट बाहेर निघतं. इथं भूमिका उलटतात.

मामा: सोप्पं हाय मंग. नट आवळू, चावीच्या बाजूनं पितळी पत्र्याची पट्टी घालू, वरून दोन पंच मारू. संध्याकाळी गाडी शहागडच्या पुलावर.

भाची: अजिबात नाही. मघाशी न पाहता एक्सल खोलायला निघाले होते मी. आता न पाहता नट आवळायला निघालात तुम्ही.

मामा: पन्नास गाड्या केल्यात मी अशा.

भाची: त्यांतल्या किती परत आल्या?

मामा: …पट्टी निघती कधीकधी, हे खरंय.

भाची: निमुळता भाग झिजलाय की नाही ते हब काढल्याशिवाय दिसणार नाही. पट्टीनं चावीची ढिलाई झाकते, पकड परत येत नाही. आणि पंचाचे डाग म्हणजे चार टोकांवर टेकलेला हब. आठवड्यात ती टोकं दबतात.

मामा: बरं, काढू. पण हबला हातोडा लावायचा न्हाई. चाकाच्या बोल्टांवर पुलर बसवायचा, नट टोकावर दोन आटे ठेवायचा, काढून टाकायचा न्हाई.

भाची: का?

मामा: हब सुटताना बंदुकीसारखा सुटतो. नट नसला तर पुढं उभा राहणारा माणूस जातो. पुलर नसला तर आमचे उस्ताद नट दोन आटे ढिला करून रिकाम्या आवारात हळूहळू आठाचा आकडा मारायचे. हब आपोआप सुटायचा.

भाची: तो प्रयोग महामार्गाच्या कडेला नको.

हब निघाला. चावी एका बाजूनं चेपलेली, शाफ्टच्या निमुळत्या भागावर एक चकचकीत पट्टा आणि बाकी गंजाचा रंग. पकड तेवढ्या पट्ट्यापुरतीच उरली होती. पुढचा वाद शाफ्ट ठेवायचा की नाही यावर झाला, आणि त्यात मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. दातांच्या बाबतीत कानावर विश्वास ठेवता येतो. चिरेला आवाज नसतो.

मामा: रॉकेलमध्ये बुडवून काढू, कोरडा पुसू, वरून खडूची भुकटी. चीर असली तर रॉकेल बाहेर येऊन खडू ओला करतं.

भाची: करू, आजच करू. पण नुसत्या त्याच्यावर चाक बांधायचं नाही. मी वाळूजला नेऊन चुंबकीय तपासणी करून घेते. खाचेचा कोपरा हीच चीर सुरू व्हायची जागा.

मामा: अन् चीर निघाली तर? वेल्डिंग…

भाची: मामा!

मामा: चेष्टा करायलो. शाफ्ट वेल्ड करत न्हाई मी. एकजण मला म्हणला होता, जालन्यात एवढ्या लोखंडाच्या मिला, तिथून दांडा घेऊन लेथवर काढ की. म्हणलं, बाबा, तिथं सळई व्हती घरं बांधायची. ती वाकती, पिळ सहन करत न्हाई.

खडूनं उजव्या शाफ्टवर खाचेच्या टोकाशी एक ओली रेघ दाखवली, नखाएवढी. मग वाळूजला न्यायचा प्रश्नच राहिला नाही; तिथं डावा शाफ्ट गेला. उजव्यासाठी जुन्या जिपांच्या सामानाची दुकानं धुंडाळायची. नवा शाफ्ट आला की हबच्या भोकात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून हातानं फिरवत दोघांचं तोंड जुळवायचं, पुसून निळा रंग लावायचा आणि रंग सगळीकडे टेकतोय का ते पाहायचं. मग नट किमान दीडशे फूट-पौंडांनी. टॉर्क पाना नसला तर मीटरभर पाइपाच्या टोकाला वीस-एकवीस किलो. त्याहून ढिला नट म्हणजे पुन्हा पहिलं पान.

शाफ्ट बाहेर आहेत तर मागचं झाकण काढायला काय हरकत, या मुद्द्यावर मात्र दोघांचं पटलं. या एक्सलची सोय अशी की मागचं झाकण काढलं की क्राऊन जागेवरच दिसतो, काहीही न हलवता.

भाची: तेल बघा. दुधासारखं झालंय.

मामा: पाणी गेलं. नळीवरचा श्वास घ्यायचा नट बघ… हे काय. कुंभारीण माशीनं घर केलंय वर, अन् आत काळी माती. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगती, बाहेर जायला जागा न्हाई म्हणून सीलमधून तेल ढकलती. पाण्यात उभी राह्यली की थंड व्हती अन् सीलमधून पाणी आत ओढती. लोक दरसाल सील बदलतात, हे भोक कुणी बघत न्हाई.

भाची: पिनियनला आत-बाहेर अजिबात प्ले नाही. बेअरिंग चांगलं आहे. दातांवर खड्डे नाहीत, चकाकी आहे. डायल लावते… क्राऊनला बारा थाऊ. नव्याला सहा-सातच्या आसपास हवेत. शिम इकडून काढून तिकडं टाकले तर आणता येतील.

मामा: हात लावायचा न्हाई.

भाची: माप बाहेर आहे, मामा.

मामा: ह्या दोघांनी पन्नास वर्सं एकमेकांना घासून जागा केलीय. दातावर बोट फिरव, नखानं. लागली पायरी? जिथं घासलं तिथं खाली गेलं, कडेला उंच राह्यलं. तू क्राऊन जवळ सरकवला की पिनियनचा दात त्या उंच कडेवर चढणार. तव्हा गाडी गायला लागंल.

भाचीनं वाद घातला नाही; ती विचारात पडली. हे क्राऊन-पिनियन हायपॉइड जातीचं; अशा जोडीत पिनियनची रेषा क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली असते. पॅकार्डनं 1926 च्या सुमारास ही रचना मोटारीत आणली, शाफ्ट खाली जावा आणि गाडी बुटकी व्हावी म्हणून. त्याची किंमत अशी की दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, लांबीच्या दिशेनं घसरतात, आणि तेही प्रचंड दाबाखाली. म्हणून तेल ईपी जातीचंच लागतं, साधं 90 नंबरचं नव्हे. म्हणूनच कारखान्यात ही जोडी एकत्र घासून घेतात, दोघांवर एकच नंबर कोरतात, आणि पिनियनच्या तोंडावर किती थाऊ आत-बाहेर बसवायचा ते लिहितात. एक बदलून दुसरा ठेवणं नाही. या जिपेचा हिशेब आठ दात आणि त्रेचाळीस दात, 5.38 ला 1.

भाची: पटलं. माप नव्या जोडीचं, जोडी जुनी. पण टेकण बघू या, म्हणजे नोंद राहील. पुढं कधी पिनियनचं बेअरिंग बदलायची वेळ आली तर शिम आहेत तेवढेच परत घालून हाच ठसा यायला हवा.

मामा: शेंदूर आण. तेलात कालव, चार दातांना लाव, क्राऊन फिरव.

भाची: आणि नंतर हात धुवा. जुना शेंदूर म्हणजे शिसं.

मामा: मारुतीनं कधी तक्रार न्हाई केली.

ठसा दाताच्या मध्यापासून किंचित आतल्या टोकाकडं आला, दोन्ही बाजूंनी सारखा. भाचीनं फोटो काढला. मामांनी पाहिला, आणि त्या वेळी सांगायचं नव्हतं ते सांगितलं: त्यांच्या उमेदीत जुन्या गाड्या विकणारे काही जण गाणाऱ्या एक्सलमध्ये लाकडाचा भुसा भरायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला फेरी मारेपर्यंत आवाज दबून राहायचा. मामांनी ते केलं का, हे भाचीनं विचारलं नाही. मीही विचारणार नाही.

खरा मतभेद उरला तो एक्सल सोडून, गाडीच्या वापराचा.

भाची: दुरुस्ती झाली की व्हिंटेजची नोंदणी करू. जुलै 2021 चा नियम आहे. पन्नास वर्षांवरची गाडी, चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. आपलं तिन्ही मूळचं आहे. वीस हजार फी, दहा वर्षांसाठी, पुढं पाच हजार. नंबरात व्हीए येतं.

मामा: अन् मंग रानात न्यायची?

भाची: नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं. रोजच्या कामाला नाही.

मामा: म्हंजे साखरेच्या हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याला न्हाई, मोसंबीच्या क्रेटा न्हाईत. मंग तो शाफ्ट कशासाठी बदलायचा? उभ्या गाडीचं चाक निघत न्हाई.

भाची: रॅलीत निघेल की.

मामा: आबांनी ही गाडी चिखलासाठी घेतली व्हती.

भाची: चिखलात न्यायची असेल तर ब्रीदरला रबरी नळी लावून वर बॉडीपर्यंत न्यायची. कुंभारीण बसणार नाही, पाणी चढणार नाही. चॅसिसला हात लागत नाही.

मामा: मंग नोंदणी?

भाची: नोंदणी थांबते. नळी आधी लावू.

मामांनी सव्वा लिटर ईपी तेल मोजून बाजूला ठेवलं, झाकणाचं गॅस्केट कापायला घेतलं, आणि उजवा शाफ्ट आणायला मुंबईला कुणी जायचं हे ठरवायचं राहिलं.